अर्धा सूर खाली

‘चौकोन’ या बँडचे एखादे जुने पोस्टर कुणाच्या कपाटात अजून असेल तर काढून पाहावे. मधोमध माइक धरलेली ताई. तिच्या मागे ड्रमच्या गराड्यात बेकरीवाला, उजवीकडे कीबोर्डवर काका. आणि डाव्या कडेला, एक खांदा बहुधा कागदाबाहेरच राहिलेला, गिटार घेतलेला उंच माणूस. कार्यक्रम संपला की मुले सह्या घ्यायला येत. ताईची, काकांची, बेकरीवाल्याची सही झाली की विचारत, “आणि तो डावीकडचा कुठं गेला?” तो तेव्हा वायरी गुंडाळत असे. तेच नाव पडले. पुढे शाळेच्या संमेलनात पाहुण्यांनी भर व्यासपीठावरून त्याची ओळख ‘आपले डावीकडचे’ अशी करून दिली, आणि हा हसत उभा राहिला.

ताई त्याची सख्खी मोठी बहीण. ती त्याला आजही ‘छोट्या’ म्हणते, आणि छोट्याची साठी जवळ आली आहे. बेकरीवाला शेजारचा, बापाच्या बेकरीत पत्र्याचे डबे बडवता बडवता ड्रमर झाला आणि बेकरीही सोडली नाही. काका वयाने या सगळ्यांत लहान. विसाव्या वर्षीच कपाळ मागे सरकू लागले, म्हणून काका. काका सोडून बाकी तिघांना मी शाळेत शिकवले होते. आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जिथे राहायला आले, तिथे नेमकी माझ्या डोक्यावरची खोली त्यांच्या सरावाची निघाली. त्यामुळे त्यांचे बरेचसे मी छतातून ऐकले आहे, थोडे डोळ्यांनी पाहिले आहे, आणि उरलेले त्यांनीच येऊन सांगितले आहे.

ताईचे आणि छोट्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, त्यामुळे जेवतानाही टर्पेंटाइनचा वास. छोट्याने गिटारचा हट्ट धरला तेव्हा वडील म्हणाले, “आधी बोटं तयार कर, मग बघू.” आणि त्यांनी एका उरलेल्या फळीवर सहा पांढऱ्या रेघा ओढल्या, त्यांना आडव्या काळ्या पट्ट्या, मध्ये लाल ठिपके. पेंटर माणूस, रेघ केसभर हलायची नाही. ती त्याची पहिली गिटार. तिला आवाज नव्हता. तो ताईने दिला. रेडिओवरचे गाणे ताई गाई, आणि गाणे जिथे वळेल तिथे हा फळीवरची बोटे हलवी. आई म्हणायची, “एक लाकूड वाजवतोय, दुसरी त्या लाकडाला गळा देतेय. दोघांनाही एकदम दाखवून आणा, डॉक्टर फी तरी एकच घेईल.”

खरी गिटार आली तेव्हा बोटे तयार होती. आणखी एक गोष्ट तयार झाली होती, तिच्याकडे तेव्हा कुणाचे लक्ष गेले नाही. ताईला गाताना त्याच्या डाव्या हाताकडे पाहायची सवय लागली होती. हात गिटारच्या दांडीवर कुठे आहे त्यावरून ओळ आता चढणार की उतरणार हे ती ताडत असे. शब्द विसरली तरी हाताकडे पाहिले की आठवत. पोस्टरवर तो डावीकडे आहे तो एवढ्यासाठीच. तिथून तिला तो हात दिसतो.

बँडला चांगले दिवस आले. पहिली कॅसेट, मग दुसरी, आणि दुसरीतले ‘खिडकी उघडी ठेव’ हे गाणे. ते माहीत नसलेला माणूस आमच्या गावात तरी नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत तेच. त्याची शेवटची ओळ सरसर वर चढते. ताई तिथे पोचली की सभागृहातले सगळे हात एकदम वर जात.

या सगळ्यात डावीकडचा काय करी? वरवर पाहता फारसे काही नाही. बाकीच्या बँडमधले गिटारवाले पुढे येऊन, मान मागे टाकून, एकट्याचे वाजवून दाखवत. याने ते कधी केले नाही. मी एकदा विचारले तर म्हणाला, “बाई, ताई भिंतीवरून चालतेय. मी खालून हात वर करून चालतोय. मी तिकडं उड्या मारायला लागलो तर ती कुणाच्या भरवशावर चालेल?”

सभागृहात तो सगळ्यांआधी पोचे. शेवटच्या रांगेत बसून बेकरीवाल्याला ड्रमवर एकच ठोका मारायला लावी आणि त्यावरून आज किती जोरात वाजवायचे ते ठरवी. एकदा गाण्याच्या मध्यात तार तुटली, तर उरलेल्या पाच तारांवर त्याने असे निभावले की ताईलासुद्धा मागाहून कळले. एका मोठ्या संगीतकाराने त्याला आपल्याकडे कायमचे बोलावले होते. याने विचारले, “ताईला पण घ्याल?” ते म्हणाले, गाणाऱ्या बायका आमच्याकडे भरपूर आहेत. हा म्हणाला, “मग गिटार वाजवणारे पण असतीलच,” आणि घरी आला. बायकोने हे ऐकून कपाळाला हात लावला. ती दवाखान्यात नर्स, व्यवहाराने पक्की. पण मला सांगताना तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त होता.

मग दिवस बदलले, जसे सगळ्यांचे बदलतात. नवी गाणी, नवे चेहरे. त्याने बाजारातल्या वह्या-पेनांच्या दुकानावरची एक खोली घेऊन गिटारचे वर्ग काढले. काका कुठल्याशा कचेरीत लागले. ताईचे यजमान, म्हणजे याचे भावोजी, औषधांचे दुकान चालवतात. ती तिथे बसू लागली. आठवड्याला एकदा सराव मात्र चालू राहिला. “पत्ते खेळायला जमतो तसं,” असे बेकरीवाला म्हणे.

त्यातच ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, गाठ साधी होती, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. बोलण्याचा आवाज महिन्याभरात आला. आणि नेमके तेव्हाच जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमाचे बोलावणे आले.

त्या सरावाचा आवाज मी खालून ऐकला. गाणे नीट चालले होते. शेवटची ओळ चढू लागली आणि वरच्या टोकाला आवाज फाटला. पुन्हा सुरू झाले, पुन्हा तिथेच फाटला. ताई म्हणाली, “झालं. संपलं माझं. मी आता दुकानात गोळ्याच मोजते.” ती हे रडून म्हणाली असती तर बरे झाले असते, असे डावीकडचा मला पुढे म्हणाला. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, आणि चप्पल शोधू लागली.

तेव्हा तो म्हणाला, “थांब गं. गिटारच चढलीय माझी. उन्हात ठेवली होती. लावून आणतो.”

गिटार उन्हात चढत नाही, फार तर उतरते. पण हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आले नाही. बाहेरच्या गॅलरीत जाऊन त्याने सहाही तारा अर्ध्या सुराने खाली आणल्या. आत येताना काकांच्या कानात काहीतरी पुटपुटला. काकांच्या कीबोर्डला एक बटण आहे. ते एकदा दाबले की सगळे सूर अर्ध्याने खाली येतात. काकांनी ते दाबले. मग डावीकडच्याने हात दांडीवर नेहमीच्या जागी ठेवला आणि गाणे सुरू केले. ताईने हाताकडे पाहिले. हात तिथेच होता, जिथे इतकी वर्षे असे. शेवटची ओळ आली, आणि ती पोचली.

“बघ,” तो म्हणाला, “गिटारच चढली होती.”

ताई खाली बसली आणि आता मात्र रडली.

कुणी विचारेल, गाणाऱ्या बाईला हे कळले कसे नाही? मीही विचारले. गाणारा सूर वाद्याकडून घेतो, आणि ताई तर हाताकडून घ्यायची. हात हलला नव्हता. याने वेगळ्या जागी वाजवून पट्टी उतरवली असती तर तिने क्षणात ओळखले असते. आपल्या जुन्या कॅसेट घरात लावणे तिला कधीच आवडत नसे, म्हणून ताडून पाहायलाही काही नव्हते.

तर अशी ती रीत पडली. दोनेक वर्षांनी आणखी अर्धा सूर, मग आणखी अर्धा. तारा ढिल्या पडून झिणझिणू लागल्या, तेव्हा त्याने जाड तारा घातल्या. बोटांना घट्टे पडले. ताईला सांगितले, जाड तारांचा आवाज भरदार येतो. ते खरेही होते.

एकदाच घोळ झाला. एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात काका बटण दाबायचे विसरले. गाणे सुरू झाले आणि दोन गाणी एकाच दारातून एकदम आत घुसू पाहताहेत असा आवाज निघाला. काकांच्या कपाळावर घाम. तेव्हा डावीकडच्याने हात वर करून वाजवणे थांबवले आणि जन्मात पहिल्यांदा माइकवर बोलला. “माफ करा. माझीच गिटार नीट लागली नव्हती.”

ताईने भर सभेत त्याला झापले, “केस पिकले छोट्या, अजून तुला गिटार लावता येईना?” लोक खो खो हसले. तो खाली वाकून तारा पिळण्याचे सोंग करत राहिला आणि काकांनी तेवढ्यात बटण दाबले. आपल्या कामाबद्दल इतका काटेकोर माणूस. त्याला हजारभर लोकांपुढे कच्चा ठरताना काय वाटले असेल! मी विचारले. म्हणाला, “काही नाही हो बाई. ती हसली ना?”

मग ‘खिडकी उघडी ठेव’चा वाढदिवस आला. तिसाव्या का पस्तिसाव्या वर्षाचे निमित्त, मोठे सभागृह, आणि त्याआधी रेडिओवर ताईची मुलाखत. मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली, “वय झालं की बहुतेकांची पट्टी उतरते ना?” ताई म्हणाली, “बहुतेकांची उतरत असेल. माझी सूतभरही उतरली नाही. हवं तर जुनं रेकॉर्ड लावा आणि त्याच्या शेजारी मला उभी करा.”

आयोजकांनी शब्द उचलला. ठरले ते असे: कार्यक्रमात आधी जुने रेकॉर्ड वाजेल, आणि शेवटच्या कडव्याला ते हळूच बंद होऊन तिथूनच ताई पुढे गाईल. ताई फोनवरच हो म्हणाली. आनंदाने म्हणाली.

तिघांची बैठक दुपारी बेकरीत, भट्टीमागे भरली. रेकॉर्ड मूळ पट्टीतले. ताई तिथून उचलणार, म्हणजे दीड सूर वर. ती पोचणार नाही हे तिघांना ठाऊक होते, तिला नव्हते.

“तू सांग,” बेकरीवाला म्हणाला. “तुझी बहीण आहे.”

“आणि गुपित तूही राखलंसच ना? लहानपणी तिच्याच डब्यातलं खायचास.”

“मी ड्रम वाजवतो बाबा. ड्रमला पट्टी नसते. या पापात मी नाही.”

“मी पण फक्त बटण दाबलं,” काका म्हणाले.

“बंदूकवाला पण हेच म्हणतो,” बेकरीवाला म्हणाला, आणि कुणालाच हसू आले नाही.

न सांगावे तर भरल्या सभागृहात तिचा आवाज फाटणार. सांगावे तर ती पुन्हा गाण्याला उभी राहील की नाही याची शाश्वती नाही. आणि दोन्हींच्या मुळाशी आपणच, हे त्याला दिसत होते. दोन दिवस तो नीट जेवला नाही. शेवटी बायको म्हणाली, “मी पेशंटना रोज याहून वाईट सांगते. सुई टोचायची तर पटकन टोचावी.”

तो गिटार घेऊन ताईच्या घरी गेला. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. भावोजी दुकानात. त्याला बोलून सांगणे जमेना, म्हणून त्याने तारा मूळ पट्टीत लावल्या, त्यासाठी मुद्दाम जुन्या बारीक तारा घालून आणल्या होत्या, आणि म्हणाला, “शेवटचं कडवं म्हण.”

ताईने मटार सोलता सोलता हाताकडे पाहिले आणि सुरू केले. पहिल्याच ओळीला तिची भुवई वर गेली. तिसऱ्या ओळीला मटार थांबले. शेवटच्या ओळीच्या अर्ध्यावर ती गप्प झाली. मग तिने दांडीवरच्या त्याच्या बोटांकडे पाहिले.

“किती?” तिने विचारले.

“दीड सूर.”

“कधीपासून?”

“ऑपरेशनपासून.”

“म्हणजे सात वर्षं तुम्ही तिघं मला खेळवताय. आणि मी रेडिओवर जाऊन छाती ठोकून आले.” ती उठली. “तू मला आंधळी कोशिंबीर खेळायला लावलीस, छोट्या. आणि मी तुझ्या हातावर डोळे ठेवून चालत होते.”

“ताई, तू तेव्हा चप्पल शोधत होतीस.”

“मग शोधू द्यायची होती. जा आता.”

तो गेला. चार दिवस तिने कुणाचाही फोन घेतला नाही. भावोजी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, “घरात बोलण्याचा तुटवडा आहे. माल कधी येईल, सांगता येत नाही.” तिने आयोजकांना नकार कळवला आहे, अशी आवई उठली. डावीकडचा वर्ग घेई, घरी येई, आणि सरावाचा दिवस आला तेव्हा नेमाने वर येऊन बसला.

त्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन वर गेले होते. तिघे मयताला आल्यासारखे बसले होते. जिन्यात पावले वाजली आणि ताई आत आली. माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मूळ पट्टीत लाव.”

त्याने लावली.

“आता खाली आण. माझ्यासमोर. मी थांब म्हणेपर्यंत.”

तो एकेक तार उतरवत गेला. अर्धा सूर झाला. एक झाला. दीड झाला.

“इथं होतो आपण?”

“हो.”

तिने शेवटची ओळ म्हटली. पोचली. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. ताई म्हणाली, “पोचले. पण माझ्या पायांकडे पाहिलंत कुणी? टाचा उचलल्या मी. किती वर्षं टाचा उचलून गातेय, आणि मला वाटायचं गुडघे म्हातारे झाले. अजून खाली आण.”

“ताई, अजून खाली गेलं तर ते गाणं ते राहणार नाही.”

“कुणासाठी राहणार नाही?”

पुढे तो मला म्हणाला, की त्याच क्षणी त्याला कळले: तारा तो ताईसाठी उतरवत होता हे खरे, पण जेवढ्यास तेवढ्याच उतरवत होता. जुने गाणे ऐकू येत राहावे ही हौस त्याची स्वतःचीही होती.

त्याने आणखी उतरवले. बारीक तारा लोळू लागल्या. तेव्हा पिशवीतून जाड काढून घातल्या, आणि त्यात अर्धा तास गेला. कुणी घाई केली नाही. पूर्ण एक सूर आणखी खाली आल्यावर ती म्हणाली, “थांब.” आणि डोळे मिटून, टाचा जमिनीवर टेकून गायली. हाताकडे तिने पाहिलेच नाही.

कार्यक्रमाला मी पुढून तिसऱ्या रांगेत होते. जुने रेकॉर्ड लागले. तो कोवळा, धारदार आवाज सभागृहभर झाला आणि शेवटच्या कडव्याआधी थांबला. ताई माइकवर म्हणाली, “ही मुलगी माझ्या ओळखीची आहे. छान गायची. रेडिओवर मी सांगितलं की मी अजून तशीच गाते. ती थाप होती, पण थाप आहे हे मलाच माहीत नव्हतं. हे तिघं सात वर्षं गुपचूप गाणं खाली आणत होते. आज मी सांगितलं तिथं आणलंय. हात वर करायची सवय असेल तर आज जरा खालीच ठेवा.”

लोक हसले. डावीकडच्याने सुरुवात केली. त्या जाड तारांचा आवाज छातीत आधी लागला आणि कानांना नंतर. शेवटची ओळ आली, आणि ती वर झेपावली नाही. बाहेरून आलेले माणूस आत येऊन, दार लोटून, जवळ बसून काही सांगते, तशी आली. इतकी वर्षे ते गाणे मी खिडकीतून हाक मारणाऱ्या मुलीचे समजत होते. त्या दिवशी ते खिडकीशी वाट पाहणाऱ्या बाईचे निघाले. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. पडल्या तेव्हा थांबेनात.

मी आयुष्यभर मुलांना शिकवले. हुशार मुले खूप पाहिली, पुढे येणारी, हात वर करणारी. दुसऱ्याचा आवाज उभा राहावा म्हणून आपली सगळी हुशारी खर्च करणारी फार थोडी. हा त्यांतला. चुकला नाही असे नाही. पण चुकले हे कळल्यावर, जे मोडेल अशी भीती होती ते तो स्वतःच्या हाताने घेऊन तिच्यापुढे गेला.

सराव अजून चालू आहे. तारा आता ताईसमोरच लागतात, आणि त्यावरून दर वेळी वाद होतो. मी खाली भाजी निवडत ऐकते.

“आज अर्धा वर घे. घसा मोकळा आहे.”

“नको. काल खोकत होतीस.”

“गाणार कोण आहे, छोट्या?”

“आणि सकाळी फोन करून घसा दुखतोय म्हणून कुणाला सांगणार आहेस?”

“वर घे म्हटलं ना!”

मग खुंट्या करकरतात. बेकरीवाला ओरडतो, “तुमचं ठरेपर्यंत माझे पाव जळतील!” आणि थोड्या वेळाने गाणे सुरू होते. वर की खाली, हे मला छतातून अजूनही कळत नाही.